लुई व्हिताँची पेटी आणि अण्णांचं “हे चामडं नाही”

नौपाडकर

सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं, नौपाड्यात बॅग दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची आठ बाय पाचची जागा. चेन बदलणे, रनर बसवणे, दप्तरांचे पट्टे, सुटकेसची चाकं, कुलपं. जून महिन्यात तर जेवायला फुरसत नसायची, मग मी डबा नेऊन द्यायचे.

२००९ च्या आसपासची गोष्ट. मी डबा घेऊन उभी होते आणि घोडबंदर रोडकडच्या एक बाई आल्या. हातात तपकिरी बॅग, त्यावर ते जगप्रसिद्ध ‘एल’ आणि ‘व्ही’ एकमेकांत अडकलेले. रनर दात सोडत होता. अण्णांनी बॅग घेतली, अंगठ्याने दाबली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “ताई, हे चामडं नाही.” बाई आधी गप्प झाल्या, मग लाल झाल्या. “पॅरिसहून आणलीय. तुम्हाला काय कळतंय?” बॅग ओढून घेतली आणि तरातरा निघून गेल्या. त्या रात्री आम्ही घरी पोट धरून हसलो होतो. नक्कल मिरवायची आणि वर पॅरिसचा तोरा!

आता कबुली. गेल्या आठवड्यात सहज काहीतरी वाचताना कळलं की लुई व्हिताँ या पॅरिसच्या बॅगवाल्या घराण्याच्या त्या एल-व्ही नक्षीच्या बॅगेचं अंग मुळात चामड्याचं नसतंच. सुती कॅनव्हास आणि त्यावर पीव्हीसीचा थर. अस्सल बॅगही तशीच. म्हणजे बाई खरं बोलत असण्याची शक्यता आहे, आणि आम्ही इतकी वर्षं फुकट हसत होतो.

मग मी या घराण्याच्या इतिहासात जी घुसले ती अजून बाहेर आलेले नाही. थोडं इथे लिहिते, बाकीचं जाणकारांनी भरावं.

लुई १८२१ चा. पूर्व फ्रान्समध्ये जुरा नावाचा डोंगराळ प्रदेश आहे, तिथल्या आँशे खेड्यातला. आई लहानपणीच गेली. १८३५ साली पोरगं घरातून निघालं आणि पॅरिसच्या दिशेने चालायला लागलं. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या वर. मिळेल ते काम करायचं, मिळेल तिथे पाठ टेकायची. पोचायला दोन वर्षं लागली.

पॅरिसमध्ये तो मारेशाल नावाच्या पेटीवाल्याकडे उमेदवारीला लागला. हा धंदा मला फार आवडला. पेटी करून विकली की काम संपत नसे. श्रीमंतांच्या घरी जायचं, सामानाच्या मापाने पेटी करायची आणि ते सामान स्वतः भरूनही द्यायचं. तेव्हाच्या बायकांचे घोळदार झगे म्हणजे एकेक तंबू, तो न चुरगळता पेटीत बसवायचा! लुईचा हात त्यात इतका बसला की तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिच्या कपड्यांची बांधाबांध त्याच्याकडे आली. सतरा वर्षं दुसऱ्याकडे राबून १८५४ साली त्याने स्वतःचं दुकान काढलं. शिंप्यांचं, कापडवाल्यांचं हे घराणं नाही, बांधाबांध करणाऱ्याचं आहे, हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

आणि त्याने केलं काय? झाकण सपाट केलं. तोवरच्या पेट्यांची झाकणं घुमटासारखी असायची, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. घोडागाडीच्या टपावर एकेक पेटी बांधायची तेव्हा ते ठीक होतं, पण आगगाडीत आणि बोटीत पेट्या एकावर एक रचायच्या तर घुमटावर घुमट बसणार कसा? १८५८ साली लुईची सपाट पेटी आली. पाणी अडवायचं काम त्याने आकाराकडून काढून कापडाकडे दिलं. राखाडी कॅनव्हास, त्याला राय धान्याच्या पिठाची खळ, आत पॉप्लरच्या हलक्या लाकडाचा सांगाडा. खळ! अण्णा ऐकतील तर खूश होतील. ते सध्या नाशिकला नणंदेकडे आहेत. आले की त्या बाईंचा विषय काढणार आहे.

रुळावरचा

मस्त धागा. ठाणेकरांनी एक तारीख शेजारी ठेवून वाचावं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्यात आली, १४ डबे आणि ४०० पाहुणे घेऊन, ३४ किलोमीटर. लुईचं दुकान पुढच्याच वर्षी उघडलं. म्हणजे सपाट पेटी येण्याआधी आपल्याकडे आगगाडी धावत होती आणि लोक गाठोडी, वळकट्या घेऊन चढत होते.

आणि पॅरिसला तो पोचला १८३७ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस ते सँ-जर्मँ हा तिथला पहिला प्रवासी लोहमार्ग सुरू झाला. तो आन्येर गावावरून जातो. १८५९ साली लुईने आपला कारखाना याच आन्येरला हलवला. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला सेन नदी, लाकूड नदीतून यायचं. अजूनही खास मागणीच्या पेट्या तिथेच होतात. चालत आलेल्या पोराने पुढची सगळी मदार चाकांवर ठेवली.

आगाऊ पाहुणा

सगळं छान, पण मुद्द्याचं बोला. कापडावर पीव्हीसी म्हणजे रेक्झिन. आमच्या शाळेच्या दप्तराला होतं तेच. आज त्याचे लाखावर रुपये मोजायचे? अण्णा बरोबरच होते.

ता. क.: उच्चार व्हिताँ की व्हिटॉन की व्हुइताँ, ते आधी ठरवा.

नौपाडकर

मी व्हिताँ लिहिणार. तुम्ही ‘लुईभाऊ’ म्हटलंत तरी चालेल.

पॉलिमरवाला

रबाळेला कोटिंगच्या कारखान्यात वीस वर्षं काढली आहेत, तेव्हा या विषयावर मी बोलणारच.

पहिली गोष्ट, ‘रेक्झिन’ हे मुळात इंग्लंडमधल्या एका मालाचं नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा थर असायचा, पीव्हीसीचा नाही. नाव राहिलं, आतला माल बदलला. आज आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते बहुतेक पीव्हीसीच असतं. तेव्हा पाहुण्यांचं म्हणणं जातीने बरोबर, प्रतीने चूक. पीव्हीसी स्वतः कडक असतं, ते लवचीक करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात. हलका प्लास्टिसायझर घातला की तो हळूहळू बाहेर येतो. दोन वर्षांनी दप्तर चिकट होतं, मग घडीवर तडकतं, मग पापुद्रे निघतात, ते याचमुळे. खालचं कापड कसलं, थर किती जाड, कापडाला किती पक्का धरलेला, ठसा किती खोल, या सगळ्यावर आयुष्य ठरतं. त्यांच्या चाळीस वर्षांच्या बॅगा अजून वापरात दिसतात. आमच्या दप्तरांना दुसरा पावसाळा दिसत नसे.

दुसरी गोष्ट, हे मऊ कॅनव्हास १९५९ चं. त्याआधीचं नक्षीचं कापड ताठ होतं, पेटीच्या फळीवर ताणून बसवायला योग्य, पण घडी घालायला नाही. मऊ थर जमला तेव्हा कुठे ती नक्षी खांद्यावरच्या पिशवीवर आली.

आणि तिसरी, नौपाडकर तुमच्यासाठी. अंग चामड्याचं नसलं तरी त्या बॅगेचे पट्टे आणि कडा चामड्याच्या असतात. झाडांच्या सालींच्या अर्कात कमावलेलं गाईचं कातडं, वर रंग नाही. नवं असताना पिठूळ गोरं दिसतं, मग ऊन आणि हाताचं तेल लागून मधासारखं होत जातं. पाण्याचा थेंब पडला तर डाग कायमचा. स्वस्त नकलेचे प्लास्टिकचे पट्टे आहेत त्याच रंगाचे राहतात किंवा सोलतात. त्या बाईंच्या बॅगेचे पट्टे कसे होते?

नौपाडकर

अहो, पंधरा-सोळा वर्षं झाली. मला बाईंचा चेहरा आठवतोय, पट्टे नाही.

लेडीज डबा

ठाण्याहून सुटणारी सकाळची लोकल. कुणी एकीने तरी मोजून बघा, आमच्या डब्यात ती नक्षी रोज किमान सहा खांद्यांवर असते. एकीत डबा आणि छत्री, एकीत येताना घेतलेली मेथीची जुडी. माझीही होती, साडेतीनशेला घेतलेली, खोटं कशाला बोलू. एल-व्हीच्या जागी एल-यू होतं हे चार महिन्यांनी शेजारणीने दाखवलं.

पण मला खरंच एक विचारायचं आहे. ज्यांना अस्सल परवडते त्यांचं सोडा. आम्हाला ती नक्षीच का हवीशी वाटते? साधी तपकिरी बॅग त्याच पैशांत जास्त टिकाऊ मिळते. तरी हात तिकडेच जातो.

नौपाडकर

लेडीज डबा, एल-यूला साष्टांग.

तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण नक्षीच्या जन्माची कथा ऐका, त्यात थोडं सापडेल. पेटी गाजली तशी नक्कल सुरू झाली. राखाडी कापड कोणीही चढवू शकत होतं. म्हणून १८७० च्या दशकात लुईने पट्ट्यापट्ट्यांचं कापड काढलं. त्याचीही नक्कल. मग १८८८ मध्ये बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, आणि चौकोनांत चक्क छापलं की हे नोंदणी केलेलं चिन्ह आहे. त्याचीही नक्कल. १८९२ ला लुई वारला आणि १८९६ मध्ये मुलाने, जॉर्जने, बापाच्या नावाची अक्षरं घालून नक्षी केली. एल-व्ही, चार पाकळ्यांची फुलं, चौकटीतलं फूल. मनात हिशोब असा की दुसऱ्याच्या बापाची अक्षरं स्वतःच्या पेटीवर कोण छापून घेईल?

छापून घेतली. जगभर घेतली. नक्कल थांबवायला काढलेली नक्षी जगातल्या सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या नक्षींत जाऊन बसली. मला तर वाटतं तिची अर्धी ओढ नकलेनेच वाढवली आहे. पॅरिसचं दुकान आपल्यातल्या किती जणींनी पाहिलंय? आपल्याला ती नक्षी लोकलमध्येच भेटली.

आणखी एक गंमत. ते चौकोनी पटाचं कापड युरोपातल्या न्यायालयात गेलं होतं. २०१५ मध्ये निकाल लागला की नुसते आलटून पालटून चौकोन हे कुणा एकाचं ओळखचिन्ह धरता येत नाही. शंभरपेक्षा जास्त वर्षांचे चौकोन, पण चौकोन शेवटी चौकोनच.

ताळेबंद

इतिहासात सगळे १८९६ वरून थेट आजच्या मॉलवर उडी मारतात. मधलं कुणी सांगत नाही, आणि पैशाची खरी गोष्ट तिथेच आहे.

१९७७ साली हे सगळं मिळून दोन दुकानं होती, पॅरिस आणि नीस. दोन! कुटुंबाच्या जावयाला, आँरी राकामिए यांना, कारभार बघायला बोलावलं. गृहस्थ पोलादाच्या धंद्यातले, वय साठीच्या पुढे. त्यांनी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की माल आपण करतो आणि नफ्याचा मोठा वाटा मधले दुकानदार नेतात. मग मधले लोक काढून स्वतःची दुकानं उघडायचा सपाटा लावला. भाव आपल्या हातात, मांडणी आपल्या हातात. सेल नाही, तो आजही नाही. दिवाळी असो की नाताळ, बोर्ड लागत नाही. १९८४ मध्ये शेअर बाजारात आले आणि १९८७ मध्ये मोएत हेनेसी या दारूच्या मोठ्या घराण्याशी विलीनीकरण झालं. पुढे भांडण लागलं, उद्योगपती बर्नार आर्नो आले आणि राकामिए बाहेर पडले. ज्याने दोनाची दुकानदारी जगभर नेली त्याचं नाव आज कुणाला माहीत नाही. जावयाचं नशीब.

आपल्याकडे पहिलं दुकान २००३ मध्ये दिल्लीत, पुढच्या वर्षी मुंबईत ताजमध्ये. आता बीकेसीलाही आहे. ठाणे-नवी मुंबईत नाही, तेव्हा लेडीज डबाने काळजी करू नये.

बडोदेकर

माहेर बडोदा, सध्या वाशी. १९२६ मध्ये बडोद्याच्या महाराजांसाठी लुई व्हिताँने चहाची पेटी केली होती, किटली-कपांपासून सगळं आत ज्याच्या त्याच्या खणात बसणारं. १९२६ म्हणजे गादीवर सयाजीराव. आमचे महाराज परदेशी सतत जात, पहिला दौरा १८८७ चा.

धागा वाचताना एक गोष्ट जाणवली. सयाजीराव मूळचे मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले गोपाळ. १८७५ साली, बारा वर्षांचे असताना, बडोद्याला दत्तक गेले. आणि तो लुई, तोही खेड्यातला, तेरा-चौदाव्या वर्षी घर सोडलेला. एकाला पायी जावं लागलं, एकाला गादी मिळाली. त्या चहाच्या पेटीत दोन्ही गावं एकत्र आली असं मला उगाच वाटलं.

नौपाडकर

उगाच नाही हो बडोदेकर. हे कुठेच वाचलं नव्हतं. कवळाणं आणि आँशे! अंगावर काटा आला.

पेट्यांचा विषय निघालाय तर कुलूप राहिलं. १८८६ मध्ये बाप-लेकांनी नवं कुलूप काढलं, आत टंबलर (किल्लीने उचलले जाणारे खटके), फोडायला कठीण. जॉर्जला त्याची एवढी खात्री की त्याने वर्तमानपत्रातून हूडिनीला आव्हान दिलं, माझ्या पेटीतून सुटून दाखव. साखळदंडातून सुटणारा तो जादूगार फिरकला नाही. पण मला त्यातली दुसरी युक्ती जास्त पटली. प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःचा क्रमांक, आणि त्याच्या सगळ्या पेट्यांना एकच किल्ली. दहा पेट्या घेऊन बोटीत चढणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल. आमच्या घरी चार सुटकेसच्या अकरा किल्ल्या आहेत आणि एकही लागत नाही.

आगाऊ पाहुणा

बडोद्याच्या महाराजांना चहाची पेटी, आणि आपल्याला काय? कोल्हापुरीची नक्कल! २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटलीच्या ब्रँडने आपली चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ चं जीआय (भौगोलिक) मानांकन असून! यांनी एल-व्हीच्या नकलेवर खटले भरायचे आणि आपल्या कारागिरांनी गप्प बसायचं?

लेडीज डबा

प्राडा वेगळं, व्हिताँ वेगळं. इटली वेगळी, फ्रान्स वेगळं. पण राग एकदम मान्य.

नौपाडकर

पाहुणे, गप्प कुणी बसलं नाही. इथून पत्रं गेली, बोंबाबोंब झाली आणि प्रेरणा भारतीय चपलेची होती हे त्यांना मान्य करावं लागलं. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे मला एवढंच दिसतं की जॉर्जकडे बापाची अक्षरं होती आणि ती नोंदवायला वकील होता. चपलेवर कुणाच्या बापाचं नाव नाही, अख्ख्या गावाचं आहे.

रुळावरचा

अवांतर चाललंच आहे तर अजून एक. त्याच जून महिन्यात व्हिताँचा पुरुषांच्या कपड्यांचा शो पॅरिसला झाला, पाँपिदू कलाकेंद्रासमोर. चालायची जागा म्हणजे भला मोठा सापशिडीचा पट होता, आणि तो केला होता आपल्या वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने. सापशिडी म्हणजे आपला मोक्षपट, ज्याचं श्रेय परंपरा ज्ञानोबांना देते. मॉडेल मंडळी कुठल्या घरावर पाय देत होती कुणास ठाऊक.

पॉलिमरवाला

शिडी लागली की भाव वाढत असणार.

वळकटी

आमच्याकडे होल्डॉल होता. खाकी जाड कापड, चामड्याचे पट्टे, पितळी बक्कल. त्यात गादी, उशी, आजोबांचं धोतर आणि गुंडाळताना बसेल ते. व्हिताँची कीपऑल नावाची मऊ बॅग १९३० ची. पेटीतच घडी घालून न्यायची आणि परतताना सामान वाढलं की उघडायची. नावाचा अर्थसुद्धा जवळजवळ होल्डॉलच! त्यांचं आजही लाखांत विकलं जातंय. आमचा होल्डॉल माळ्यावर उंदरांनी खाल्ला. आता तुमच्यामुळे हळहळ लागली.

१९३२ ची त्यांची नोए नावाची पिशवी एका शॅम्पेनवाल्यासाठी केली होती, पाच बाटल्या मावायला. चार उभ्या आणि मधली उलटी. आज बायका तीच पिशवी खांद्यावर घेतात, आत बाटली नसते एवढंच.

लेडीज डबा

आत बाटली नसते हे तुम्हाला काय माहीत?

नौपाडकर

अण्णा काल आले. चहा झाल्यावर विषय काढला. सगळं सांगितलं, आँशेपासून हूडिनीपर्यंत. सपाट झाकणावर मान हलवली. खळ ऐकून म्हणाले, “खळीला मोरचूद घालत असणार, नाहीतर वाळवी लागते.” कुलपावर तर अर्धा तास गेला. आत लिव्हर किती, स्प्रिंग कसली, मला काही सांगता येईना.

मग मी म्हटलं, “अण्णा, ती बॅग बहुतेक खरी होती. तुम्ही बिचारीला खोटी म्हणालात.”

“मी खोटी कधी म्हणालो?” एकदम चिडलेच. “मी म्हणालो चामडं नाही. नव्हतंच. तूच आत्ता सांगितलंस कापड आहे म्हणून. हसत तुम्ही होतात.”

खरंच की. हसलो आम्ही होतो, अण्णा जेवत होते.

मग पॉलिमरवाला यांचा प्रश्न विचारला. क्षणभर थांबून म्हणाले, “पट्टे चामड्याचे होते. चांगलं कमावलेलं. मधे काळपट झालेले, टोकांना फिके, आणि एका पट्ट्यावर पाण्याचे ठिपके. पट्ट्याला तेल लावू नका हे सांगणार होतो, तोवर तिने ओढून नेली.”

पॉलिमरवाला

ठिपके! अण्णांना नमस्कार सांगा.

वळकटी

अण्णा अजून कामं घेतात का? माझ्या एका बॅगेचा रनर गेलाय. ब्रँड सांगत नाही.

नौपाडकर

दुकान २०१६ ला बंद केलं, पण आरी, दाभण आणि रनरचा डबा घरात आहे. रविवारी घेऊन या. चामडं आहे की नाही ते आधी सांगतील, राग मानू नका.